उष्टी कळशी

लंडनहून आलेली नात तांब्याला तोंड लावून घटाघटा पाणी प्याली आणि मला लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचा मुरूडचा दुष्काळ आठवला. बोअर पाडायला आलेल्या एका गोऱ्या माणसानं टँकरपाशी माझी भरलेली कळशी उचलून थेट ओठांना लावली.

"उष्टं केलं की रं!" माझा दीर ओरडला. त्यानं पाणी मातीत ओतलं आणि तीच कळशी गोऱ्याच्या डोक्यात घातली. कपाळावरचं रक्त डोळ्यांत ओघळलं तरी तो हातच जोडत होता. आपलं चुकलं काय, हेच त्याला कळेना.

मीही किंचाळले, "पानी कशापायी सांडलं? लेकरांना काय पाजू?" त्याच्या फुटलेल्या डोक्याकडं मी बघितलंसुद्धा नाही.

नातीच्या तांब्यातलं उरलेलं पाणी मी आज तोंड लावूनच प्याले.