हळदीकुंकू लावलेली सीडी

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हिंगोलीत माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी फुकटात मिळणारं लिनक्स होतं, ते मी चुकत-माकत शिकलेले. एका दसऱ्याला मशीनची पूजा केली आन् सणाला सगळं नवं असावं म्हणून सगळे प्रोग्राम नव्या सीडीवरून बदलले. दुसऱ्या दिवशी प्रिंटर हलेचना.

शेजारीण लेकीच्या पत्रिका न्यायला येऊन बसलेली. तिचा भाऊ दुपारच्या एसटीनं त्या घेऊन निघणार होता.

"काहून थांबून राहिल्या, अक्का? अक्षता पडल्यावर देता का पत्रिका?"

"प्रिंटर जुना, त्याचा प्रोग्राम नवा. दोघांचं पटंना."

"मग जुनाच घाला की!"

व्हय, बराबर होतं. पण जुनी सीडी मी हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलेली. ती आणली, ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसली. दोनदा मशीननं वाचली न्हाई, तिसऱ्यांदा वाचली. प्रिंटरचा नवा प्रोग्राम काढला, जुना टाकला, आन् हा पुन्हा बदलू नको म्हणून मशीनला सांगून ठेवलं.

पहिली पत्रिका बाहेर आली. शेजारणीनं लेकीचं नाव वाचलं आन् भावाला हाक मारली.

पुढच्या दसऱ्याला सीडीपुढं नुसतं फूल ठेवलं.