आरेतली चंद्री आणि वीस टनांचं मशीन

"सर, अजून पुढे घेऊ?" मशीनच्या केबिनमधून ऑपरेटर रेमी ओरडला.

"थांब."

समोर गाळाचा खड्डा. त्यात पोटापर्यंत रुतलेली म्हैस. तिचं नाव चंद्री, ती गाभण आहे, आणि सकाळपासून दिसत नव्हती, हे तिच्या मालकीणबाई सुमनताईंनी धापा टाकत सांगितलं होतं.

मी सर्व्हिस इंजिनीअर. सगळी नोकरी खोदकामाची मशिनं दुरुस्त करण्यात गेली. आता रिटायर होऊन मुलुंडला असतो. तेव्हा आरे कॉलनीत तबेल्यांमागे नाल्याचा गाळ काढत होते. तिथल्या पोकलेन मशीनचा हायड्रॉलिक पाइप फुटला म्हणून मला बोलावलं होतं. पाइप बदलून निघणार, तेवढ्यात ही भानगड. नाल्यातला गाळ याच खड्ड्यात टाकत होते. वरून तो वाळलेला दिसायचा. चंद्री फसली.

"भाऊ, तुमचं मशीन चिखलात चालतं ना?" सुमनताईंनी विचारलं.

"चालतं. कुठपर्यंत, ते बघायला लागतं."

पोकलेनला चाकं नसतात, रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे असतात. आम्ही त्यांना चेन म्हणतो. वजन पसरतं, म्हणून ओल्या जमिनीत पोकलेन ट्रकपेक्षा बरी. तळ कठीण असेल तर थोड्या पाण्यातही काम करते. फक्त वरचा भाग ज्या बेअरिंगवर फिरतो तिथे पाणी पोचू द्यायचं नाही. चिखलाचं वेगळं. तळच नसेल तर मशीन पोटावर बसतं. मग चेन जागच्या जागी फिरते आणि मशीन आणखी खाली जातं.

साइट मॅनेजरला फोन केला.

"म्हशीसाठी मशीन आत घालायचं नाही. कळलं?"

"आत नाही सर. काठावरूनच बूम लांबवतो."

बूम म्हणजे मशीनचा हात. त्याला रुंद पट्टा बांधून म्हशीच्या पोटाखालून घ्यायचा, असा बेत होता. बूम पूर्ण लांबवला. हातभर कमी पडला.

"घे पुढे. हळू," मी म्हणालो.

रेमीने घेतलं. काठ खचून उतार झाला. वीस टनांचं मशीन अलगद उतारावरून घसरलं आणि चंद्रीच्या शेजारी जाऊन बसलं.

"वाट लागली," रेमी म्हणाला.

चेन गाळात बुडत चालली होती. तरी वेळ होता. मागचा अर्धा भाग उतारावर होता. वरचा भाग मागे फिरवून, बूमच्या टोकाची बकेट, म्हणजे खोदायचं खोरं, काठावर रोवून मशीन स्वतःला ओढून घेऊ शकलं असतं. रेमीने बूम उचलला. तेवढ्यात चंद्रीने पुढचे दोन पाय चेनवर टाकले.

"सर, चेन हलली तर हिचे पाय जातील."

"माहीत आहे."

"गाळ बेअरिंगला लागतोय."

"तेही दिसतंय. इंजिन बंद कर."

त्याने केलं. सुमनताई काठावरून "ये गं बाई, ये" म्हणत होत्या. चंद्रीने बराच वेळ विचार केला. मग एक हिसका देऊन मागचे पायही चेनवर आणले, थरथरत उभी राहिली, आणि चेनवरून चालत उताराने काठावर गेली. जाताना केबिनच्या दारावर शेपटी मारली. सुमनताई तिच्या गळ्याला मिठी मारून रडल्या. रेमी केबिनच्या टपावर चढून मागच्या बाजूने काठावर आला. मी दगडावर बसलो.

मशीन दुसऱ्या दिवशी दोन मोठ्या मशिनांनी ओढून काढलं. बेअरिंग पूर्ण खोलावं लागलं. मॅनेजरने विचारलं, "मशीन चिखलात काय काम करत होतं?"

"काही नाही सर. उभं होतं."

बोलणी खाल्ली. चंद्रीला पुढे रेडी झाली.

लोक अजून विचारतात, मशीन दलदलीत घालता येतं का? मी सांगतो, घालायला काहीच लागत नाही. आधी खाली कठीण काय आहे ते बघा. त्या दिवशी चंद्रीच्या खाली आमचं मशीन होतं. आमच्या मशीनखाली काही नव्हतं.