समजूतदार घोणस

सापापेक्षा सापावर बोलणारा माणूस जास्त नुकसान करतो, हे मला पुंजारामनं शिकवलं. तो माझा शेजारी. कोपरगावच्या अलीकडे आमचे दोघांचे ऊस बांधाला बांध लागून आहेत. त्यानं जन्मात एकही साप पकडलेला नाही. पायाजवळून धामण सरकली तरी बाजेवर चढतो. पण मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून तो गावाचा सापतज्ज्ञ झाला. गावानंही होऊ दिलं.

त्याचं शास्त्र सोपं होतं. मोठ्या सापाला अक्कल असते, तो विष राखून ठेवतो, माणसाला नुसता दम देतो. पिल्लू अडाणी, चावलं की सगळं ओतून मोकळं होतं. म्हणून भ्यायचं ते पिल्लाला. साठ वर्षांत ज्याला स्वतःची जीभ एकदाही आवरता आली नाही, त्याला सापाच्या आवरण्याचं केवढं कौतुक! पारावर बसून हे ऐकताना मीही मान डोलावली आहे. आता त्याची लाज वाटते.

त्याची बायको गोजरबाई, म्हणजे माझी वहिनी, ऐकायला कधी बसली नाही, कारण तिला बसायलाच वेळ नव्हता. चार गाईंचं शेणपाणी, धारा, डेअरीला दूध घालणं, सगळं तिच्यावर. पुंजारामला कोणती गाय गाभण आहे तेसुद्धा तिला विचारावं लागतं.

माघातल्या एका सकाळी ती गाईंसाठी घास कापत होती. उजव्या हातात विळा, डाव्या हातात घासाची मूठ. त्या मुठीच्या बुडाशीच घोणस होती. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तोवर डाव्या पंजावर दात बसले होते. वहिनी आपल्या पायांनी घरी आली आणि ओट्यावर बसली. मी डिझेलचा कॅन मागायला तिथं गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

पुंजारामनं पहिलं काय विचारलं असेल? साप केवढा होता. वहिनीनं सांगितलं, चांगला चार फूट, मनगटाएवढा जाड. त्याचा चेहरा उजळला. "मंग भ्यायचं काम न्हाई. पोक्त साप हाय. नुसता दम दिला आसंल."

माणसं जमली. श्रोते मिळाल्यावर पुंजाराम थांबतो होय! त्यानं कडुनिंबाचा पाला आणवला आणि बायकोला चावायला लावला. कडू लागला तर विष चढलं नाही, ही आमच्याकडची जुनी परीक्षा. वहिनी म्हणाली, कडू लागतोय. त्यानं आमच्याकडे असं पाहिलं, जणू तोच पास झाला. घोणशीचं विष रक्त नासवतं, तोंडाची चव नासवत नाही, हे त्या ओट्यावर एकालाही ठाऊक नव्हतं. टेम्पो माझा, दारात उभा, किल्ली माझ्या खिशात. आणि मी अर्धा तास त्याचं व्याख्यान ऐकत उभा.

तेवढ्या वेळात हात कोपरापर्यंत सुजला. हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या. वहिनीनं विळ्याची मूठ घेतली आणि ओट्याच्या कडेवर एकेक बांगडी फोडायला लागली. पुंजाराम ओरडला, की सवाष्णीनं नवऱ्यादेखत बांगड्या फोडायच्या नसतात. इतका वेळ तिच्या जिवाची न वाटलेली भीती त्याला आता स्वतःच्या जिवाची वाटली.

वहिनीनं मान वर केली. हिरड्यांतून रक्त येत होतं. "हात ऱ्हायला तर बांगड्या भरीन," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, टेम्पो काढा."

दवाखान्यात तिचं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवलं. गोठलं नाही. सलाईनमधून औषध सुरू झालं. पुंजाराम तिथंही डॉक्टरीणबाईंना पोक्त साप आणि अडाणी पिल्लू समजावायला लागला. बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की मोठ्या सापाच्या पिशवीत विष पिल्लापेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून धोकाही जास्त. पिल्लाकडे थोडं असतं, पण माणूस मारायला तेही पुरू शकतं. उशीर दोन्हीकडे परवडत नाही. मग घड्याळाकडे बघून विचारलं, आणायला इतका वेळ का लागला. पुंजाराम माझ्याकडे बघायला लागला. मी फरशीकडे.

किडनीवर आलं. नगरला सात वेळा डायलिसिस झालं. वहिनी वाचली, पण डाव्या हाताची मधली दोन बोटं वाकेनाशी झाली. आता ती एका हाताने धार काढते, आणि पुंजाराम पारावर सांगतो, साप मोठा होता म्हणून वाचली, पिल्लू असतं तर जागेवर खलास. इतका निर्लज्जपणा मी दुसऱ्या माणसात पाहिलेला नाही. आणि लोक अजून मान डोलावतात.

आषाढात त्यांच्या गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागे घोणशीचं पिल्लू निघालं. वहिनीनं त्याच्यावर घमेलं पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि मला सर्पमित्राला फोन करायला सांगितलं. पुंजाराम बाजेवर उभा होता, धोतर गुडघ्याच्या वर धरून.

"केवढं हाय?" त्यानं तिथूनच विचारलं.

वहिनीनं डावा हात वर केला आणि वीत करून दाखवली. मधली दोन बोटं तशीच ताठ.

"सरक मागं," तो ओरडला. "पिल्लू हाय. त्याला समज नसती."

"आन् ह्याच्या आईनं मला समजून चावलं व्हय?"

वहिनीनं हात खाली घेतला नाही. पुंजाराम दुसरीकडे बघेपर्यंत तसाच धरून ठेवला.