रस्ता मागायचा हॉर्न

माझे बाबा एटापल्लीच्या रस्त्यावर एसटीची लाल गाडी चालवायचे. मी अकरावीत होते त्या वर्षी गाडी वाटेत तापली, इंजिन बघायला बाबांनी बॉनेट उचललं आणि लावलेलं टेकण सटकलं. बॉनेट डाव्या हातावर आलं. मनगट आणि तीन बोटं मोडली. प्लास्टर निघालं तेव्हा हाडं जुळली होती, पण बोटं काही वळत नव्हती.

गाडीचा गिअर डाव्या हाताने टाकतात. तीन महिन्यांनी डेपोत तपासणी होणार होती. हात चालला तर स्टिअरिंग, नाहीतर कायमचं ‘हलकं काम’, म्हणजे फाटकाशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. बाबा म्हणाले, “दुसऱ्याच्या गाड्यायकडे पाहत बसू का मी जनमभर?”

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी चेंडू शेजारच्या कुत्र्याच्या तोंडात दिसला. मी रागाने लाल झाले. “काऊन फेकला?” तर म्हणाले, “मी का लहान पोट्टा आहो?” आमच्या घरात राग वडिलोपार्जित आहे, जमीन नसली म्हणून काय झालं! मीही तावातावाने सांगून टाकलं की तुम्हाला गाडीवर परत बसवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. सांगून बसले खरी, पण कसं बसवणार ते मलाच माहीत नव्हतं.

चामोर्शीला आमच्या भिंतीला भिंत लागून चाचांचं घर होतं. पुढच्या खोलीत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. एका साहेबाने त्यांच्याकडे व्हिडिओ गेमचं मशीन दुरुस्तीला टाकलं होतं. चाचांनी ते नीट केलं तोवर साहेबाची बदली झाली. मशीन तसंच पडून होतं, आत एकच तबकडी अडकवलेली. तबकडीवर काय लिहिलंय ते चाचांना वाचता येईना, मलाही येईना, कारण ती अक्षरं इंग्रजीसुद्धा नव्हती. चाचा त्या खेळाला ‘शिंगवाली’ म्हणायचे. कॉलेज सकाळचं असल्याने दुपारी मी तिथेच पडीक असे.

तोवर मी पाहिलेले गेम म्हणजे उड्या मारा, गोळ्या झाडा आणि मरा. हा वेगळाच होता. मुखवटा घातलेली एक मुलगी, हातात तलवार, कमरेला वाकडं शिंग. मागे सात म्हातारी माणसं. सगळीकडे धुकं, एवढं दाट की हातभर पुढचं दिसत नाही. मुलीने शिंग फुंकलं की आवाज जाईल तिथवर धुकं बाजूला सरायचं आणि तेवढ्या मोकळ्या जागेतूनच म्हातारे चालायचे. बटण थोडं दाबलं तर चार पावलांचा रस्ता. दाबून धरलं तर लांबवर रस्ता दिसे, पण मग त्या आवाजाने झोपलेली जनावरंही उठायची. म्हणजे जे रस्ता दाखवणार तेच संकट बोलावणार. ज्या कोणाच्या डोक्यातून हे निघालं त्याला जंगल कळत होतं, असं मला तेव्हा वाटलं. चित्रातली झाडं मात्र निळी. एवढं मोठं जंगल आणि तेंदूपत्ता तोडायला एक माणूस नाही!

या खेळात मारण्यापेक्षा सातही जणांना सोबत नेणं महत्त्वाचं होतं. तिसऱ्या जंगलाच्या शेवटी एक दगडी दार होतं. मी दर वेळी तिथे पोचायची ती एखाद-दोन म्हाताऱ्यांना घेऊन. बाकीचे वाटेत बसून राहायचे, काही केल्या उठायचे नाहीत, आणि दार उघडायचं नाही. माझ्या मते तो गेममधला बिघाड होता.

एक दिवस माझ्या लक्षात आलं की शिंगाचं बटण डाव्या बोटाखाली आहे आणि मुलीला चालवायचं ते डाव्या अंगठ्याने. तलवार तेवढी उजवीकडे. मी घरी जाऊन साळसूदपणे म्हणाले, “बाबा, मले एकटीनं दोनी हात नाई जमून राह्यले. तुमी फक्त चालवा, मारायचं मी पाहतो.” ही लोणकढी थाप होती. पण ‘चालवा’ हा शब्द बरोबर जागी लागला. बाबा कुरकुरत उठले आणि चाचांकडे आले.

चाचांनी आम्हाला एक बाक दिला. त्यावर आम्ही खेटून बसलो, कंट्रोलरची डावी बाजू बाबांच्या हातात, उजवी माझ्या. पहिल्या आठवड्यात मुलगी फक्त झाडांवर आदळली. बाबा म्हणत, “हे डावीकडे ओढून राह्यली. अलाइनमेंट गेलं हिचं.” चाचा दुकानातून हसायचे, “भाऊ, गाडी नाही आहे ती, पोरगी आहे!” बोट वाकवताना बाबांच्या कपाळावर घाम यायचा. मला दिसायचं, पण मी पडद्याकडेच बघायची. बोलले असते तर ते उठून गेले असते.

रोज साडेचारला आमच्याकडची लाइन, म्हणजे वीज, जायची. खेळ जिथवर आला तिथे जपून ठेवायचं जे कार्ड असतं, ते या मशीनसोबत आलंच नव्हतं. म्हणजे रोज पुन्हा पहिलं जंगल, पुन्हा ते सात म्हातारे. एकदा तिसऱ्या जंगलात पोचून लाइन गेली तेव्हा मी बाकावर मूठ आपटली. बाबा शांतपणे म्हणाले, “एटापल्लीची गाडीबी रोज पहिल्यापासूनच सुटते. काल पोचली म्हणून आज अर्ध्यातून सुटत नाई.” त्या दिवसापासून मी त्यावर रडले नाही.

खरं भांडण झालं ते दगडावरून. तिसऱ्या जंगलात एका वळणावर रानातल्या देवासारखा एक उभा दगड होता, त्याच्या पायाशी काड्यांचा ढीग. दगडामागे सगळ्यात मोठं जनावर झोपलेलं. मी तिथून नेहमी गुपचूप जायची. बाबांनी मात्र दगड दिसताच शिंग फुंकलं, चांगलं लांब. जनावर उठलं आणि खेळ संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी ओरडले, “काऊन वाजवता तुमी तिथं?”

“वाजते आपोआप.”

“आपोआप कसं वाजते? आन तुमी तर देव मानत नाई!”

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. घरात सकाळी वंदना होते, बाकी नवससायास काही नाही, आणि त्यात बाबा सगळ्यात कडक. म्हणून तर माझा टोमणा त्यांना लागला. त्यांनी कंट्रोलर बाकावर ठेवला आणि पहिल्यांदाच सांगितलं.

एटापल्लीच्या रस्त्यावर एका वळणावर तसाच दगड आहे. पायी जाणारा-येणारा तिथे एक काडी ठेवतो. गाडीवाला खाली उतरू शकत नाही, म्हणून प्रत्येक ड्रायव्हर तिथे एक हॉर्न देतो. त्याला ‘रस्ता मागणं’ म्हणतात. बाबा नवीन लागले तेव्हा त्यांनी ठरवलं होतं, आपण देणार नाही, आपण कशाला द्यायचा. गाडी वळणावरून तशीच गेली. मागून एक म्हातारी उठून पुढे आली.

“तिनं मले काय म्हटलं, माहीत आहे? म्हणे, ‘थांबव गाडी. तुनं रस्ता मांगतला नाई, मी पायी जातो.’ मी हसलो. तर खरंच उतरली, डोक्यावर टोपलं घेऊन. तिच्या मागून आणखी चारजण उतरले. भर उन्हात पाच कोस जंगल पायी. तवापासून देतो मी हॉर्न. देवाले नाई देत, सवारीले देतो. मागं बसलेल्याले समजलं पायजे का डायवरले हा रस्ता कोनाचा आहे ते माहीत आहे.”

चाचा हातातली सोल्डरिंगची सळई तशीच धरून ऐकत होते. मी पडद्याकडे बघत होते आणि मला एकदम कळलं. आमचे म्हातारे कुठे बसून राहायचे? त्याच वळणावर. मी ज्याला बिघाड समजत होते तो बिघाड नव्हता. मी रस्ता मागत नव्हते, म्हणून ते येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दगडापाशी बाबांनी लांब शिंग दिलं आणि मी मुलीऐवजी मागे बघितलं. सातही जण उभे, एकही बसला नव्हता. जनावर अंगावर आलं तरी शिंग वाजत होतं तोवर ते हलले नाहीत. म्हणजे युक्ती अशी होती की आवाज सुटू द्यायचा नाही आणि तेवढ्यात जनावर मारायचं. मी मारायला लागले. चाचा एक, दोन, तीन असे आकडे म्हणायला लागले. नऊवर बाबांचं बोट सुटलं आणि म्हातारे पळाले.

मला जनावर मारायला कमीत कमी पंचवीस आकडे लागत होते. नऊ आणि पंचवीस यांच्यामध्ये आमचे पुढचे दोन महिने गेले. नऊ, अकरा, अकरा, आठ. आठ आलं त्या दिवशी बाबा स्वतःवरच एवढे चिडले की जेवले नाहीत. मग ते घरीही सराव करायला लागले, खाटेच्या दांडीवर बोट दाबून. आई म्हणायची, “खाट वाजत नाई जी, उगाच दाबता.” चेंडू फेकणाऱ्या माणसाने खाटेची दांडी घासून गुळगुळीत केली. मला मनातून फार बरं वाटायचं, पण तोंडाने मी म्हणायची, “काल चौदा झाले, आज पंधरा पायजे.” माझ्यासारखी खडूस कंडक्टर त्यांना उभ्या नोकरीत भेटली नसेल.

तपासणीच्या आठवड्यात ते झालं. बावीस, तेवीस. बाबांनी बोट तसंच दाबून धरलं. सव्वीसला जनावर पडलं. सात म्हातारे चालत दारापाशी आले, दार उघडलं आणि आम्ही श्वास रोखून पाहिलं. पलीकडे चौथं जंगल होतं, तिसऱ्यापेक्षा दाट.

मी संतापून कंट्रोलर सोडला. एवढी मेहनत आणि बक्षीस काय, तर आणखी धुकं! बाबा मात्र गुडघ्यावर थाप मारून हसले, डाव्या हाताने. “पोट्टे, रस्ता संपला असता तर डायवरची नोकरी गेली असती नं!” नंतर लाइन गेली. दोन दिवसांनी साहेबाचा माणूस चिठ्ठी घेऊन आला आणि मशीन घेऊन गेला. चौथं जंगल मी आजवर पाहिलेलं नाही.

तपासणीला बाबा एकटे गेले, मला येऊ दिलं नाही. संध्याकाळी आले, चप्पल काढली आणि आईला म्हणाले, “उद्या सहाची एटापल्ली आहे. डब्याले उशीर नोको करू.” आई तिथेच चुलीपुढे बसून रडली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवलं आणि गाडीत बसले, मागून तिसऱ्या बाकावर. मी आलेय हे बाबांना माहीत नव्हतं. माझ्या शेजारी आल्लापल्लीला एक म्हातारी चढली. गर्दीत तिला ड्रायव्हर दिसतच नव्हता. मांडीवरचं गाठोडं तिने दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. गेले चार-पाच महिने या गाडीवर बदली माणसं येत होती, म्हणाली, कोणी रस्ता मागायचा, कोणी नाही.

वळण आलं. गाडी हळू झाली. गिअर पडल्याचा आवाज झाला, खटका न लागता, साफ. माझे डोळे भरून आले. आणि मग हॉर्न वाजला, लांब. मी नकळत आकडे म्हणायला लागले होते.

म्हातारीने गाठोड्यावरचे हात सोडले.

“मांगतला वो बाई,” ती मला म्हणाली. “जुनाच डायवर आला वाटते. आता झोपतो मी.” आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून ती झोपली, पार एटापल्ली येईपर्यंत.