एका चाकाची दोन नावं

बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या एका छापखान्यात मी पानं जुळवते आणि पुस्तकं शिवते. शाळा चौथीपर्यंतच झाली. तरी मालकांनी मला आणखी एक काम दिलं आहे. आमच्याकडे विज्ञानाच्या प्रयोगवह्या छापतात, हिंदीत. त्यांची प्रूफं मी पाहते. शिकलेली माणसं घाईत वाचतात, मी अक्षराखाली बोट ठेवून वाचते. मालक चिडवतात, "दीदी, आप समझती नहीं हो, इसीलिए गलती पकड़ लेती हो।"

माझी एक वही आहे. पुस्तकात एखादी वस्तू पहिल्यांदा आली की तिचं नाव मी वहीत उतरवते, आणि शेवटच्या पानापर्यंत तेच नाव आहे का ते पाहते. एका पानावर परखनली आणि दुसऱ्यावर टेस्ट ट्यूब दिसली की लाल पेन्सिलीनं गोल करते. वाक्याच्या शेवटी कुठे उभी दांडी आणि कुठे टिंब असेल तर तिथेही गोल. बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला आवडतं.

यंदा पावसाळ्यात बीरगांवच्या एका कारखान्याची सुरक्षेची पुस्तिका आली. त्याच कारखान्यात माझे मिस्टर भट्टीवर आहेत. त्या दिवसांत ते कधी कधी घरी येऊन म्हणायचे, "आज डोकं जड होऊन राहिलं. पाइपाजवळ वास येते."

गॅस गळाला तर काय करायचं ते पुस्तिकेत होतं. पान नऊवर लिहिलं होतं, मुख्य वॉल्व बंद करा. पान सोळावर तेच काम होतं, पण तिथे लिहिलं होतं, पहिला वॉल्व बंद करा. चित्रात पाइपावर वॉल्वची दोन चाकं होती, एक टाकीजवळ, एक भट्टीजवळ. नाव एकालाही नव्हतं. मी तीन ठिकाणी गोल केले आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

मालक म्हणाले, "ये उनका मैटर है दीदी। कारखाने वालों ने देखकर भेजा है।" प्रूफ कारखान्यात जाऊन परत आलं. वर सही होती. माझे गोल तसेच होते.

मी मालकांना सांगायला हवं होतं की माझा माणूस तिथे आहे. मी पुढचं प्रूफ ओढलं. पुस्तिका छापली. मीच ती शिवली.

त्या आठवड्यात यांच्या भट्टीवरचा एक सोबती चहाला आला. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, "पहिला वॉल्व म्हणजे कोणता?"

"भट्टीजवळचा," हे म्हणाले.

"अबे, टाकीजवळचा!" सोबती म्हणाला. "गॅस तिकडून येते ना?"

"आम्ही भट्टीपासून मोजतो."

"मग तू पहिले मरशील!" आणि दोघं हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी यांनी कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रीला विचारलं. टाकीजवळचाच. भट्टीकडचा फिरवला तर फुटलेल्या पाइपात गॅस येतच राहते, म्हणाला. मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. "टाकीजवळच्या चाकाले बांधून ठेवा."

"अवं, तू काहून इतकी भेऊन राहिली?" म्हणाले. पण बांधली. नवीन येणाऱ्या ठेक्याच्या मजुरांनाही सांगू लागले, पुस्तिका राहू द्या, हिरवा कपडा पाहा. मला बरं वाटलं. एका चाकाला एक खूण झाली.

मग विश्वकर्मा पूजा आली, त्या दिवशी कारखान्यात यंत्रं पुजतात. पूजेच्या दुसऱ्या दिवशी हे घरी आले ते बोलेचनात. जेवताना म्हणाले, "तुझा कपडा पाहून लोकायले वाटलं कोणाचा नवस आहे. आता साऱ्याच चाकायले हिरवे कपडे बांधून ठेवले. नारळबी फोडलं."

आमच्या घरी कोणी नवस बोलत नाही. म्हणून कपडा नवसाचा वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सोडून टाका बाकीचे."

"कोणाचा नवस सोडू मी? भांडण होईन."

"मग नव्या पोट्ट्यायले हिरवा कपडा पाहा म्हणून सांगितलं ना तुम्ही?"



सकाळी मी छापखान्यात गेले नाही. माझ्याजवळच्या रद्दी प्रतीतलं पान नऊ, पान सोळा आणि चित्र घेऊन कारखान्याच्या फाटकावर उभी राहिले. गार्डनं विचारलं, "किससे काम है?" मला दोनदा सांगावं लागलं. दुपारी एक साहेब बाहेर आले. मी बोट ठेवून तिन्ही जागा दाखवल्या. कपड्याचंही सांगितलं, आणि तो पहिला कपडा माझाच हेही. आयुष्यात परक्या माणसाशी इतकं बोलले नव्हते. त्यांनी पानं घडी करून खिशात घातली. "देखते हैं, दीदी।"

त्याला तीन आठवडे झाले. सुधारलेली पुस्तिका छापायला आलेली नाही. मी रोज मालकांच्या टेबलावरचे कागद पाहते. चाकांचे कपडे तसेच आहेत, तेलानं काळे पडत चाललेत, हे सांगतात. मिस्त्री कालपासून गावाला गेला आहे. आज यांची पाळी दोनची आहे, आणि सोबत दोन नवे मजूर आहेत. जाताना मी म्हटलं, "टाकीजवळचा."

"हव," म्हणाले, आणि सायकल काढली.