रोजनाम्यातली ती ओळ

कोर्टात दिवसभर काय घडलं, त्याची नोंद रोजनाम्यात होते. पंधराएक वर्षांपूर्वीच्या एका रोजनाम्यात अशी ओळ आहे : 'उर्दू दस्ताचे भाषांतर दाखल करण्यास अर्जदारातर्फे मुदतीची विनंती. मंजूर.' खाली माझी सही आहे.

अर्जदार बाईंनी मुदत मागितली नव्हती. त्यांच्या वकिलांनीही मागितली नव्हती. ती ओळ मी सांगितली आणि क्लार्कनं लिहिली. तिच्यामुळं बाईंचा सख्खा भाऊ त्यांच्याशी बोलत नाही, हे मला गेल्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कळलं.

तेव्हा मी जिल्ह्यातल्या एका दिवाणी कोर्टात न्यायाधीश होतो. ऐन उन्हाळा होता. बाईंचे वडील पैठण रस्त्यावरून आत असलेल्या एका गावात मिशन शाळेचे मास्तर होते. ते आदल्या संध्याकाळी शहरात मुलीच्या घरी वारले. त्यांची बायको गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत होती आणि तिच्या शेजारची जागा मास्तरांनी स्वतः दगड लावून राखली होती. पण चारही बाजूंनी ज्यांचं शेत होतं त्यांनी, जमीन आमचीच आहे म्हणून, फाटकाला कुलूप घातलं होतं. मुलगी सकाळीच कोर्टात आली. मागणी एवढीच, की आजच्या दिवस फाटक उघडून द्या.

त्यांच्या वकिलांनी एक पिवळा कागद पुढं केला. निजामाच्या काळातला, उर्दूत लिहिलेला. माझे वडील त्याच राजवटीत कचेरीत कारकून होते. संध्याकाळची प्रार्थना झाली की ते मला पाटीवर उर्दू गिरवायला लावायचे. मी तो कागद दोन मिनिटांत वाचला. ईसाई रयतेच्या कब्रस्तानासाठी एवढी जमीन, चारी सीमा अमुक, खाली मोहोर. आमची ख्रिस्ती माणसं दुष्काळात मिशनच्या दाराशी आली, हे इतिहासात वाचायला मिळतं. ती मेल्यावर कुठं जायची, हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही. इथं कुणीतरी ठेवलं होतं.

समोरचे वकील उठले. "साहेबांना या समाजाची माहिती आमच्यापेक्षा जास्त असणार. आम्ही गरिबांनी काय बोलावं?"

मागच्या बाकांवर हशा झाला. मी हसलो नाही, पण माझे कान तापले. सहा महिन्यांपूर्वी माझ्याविरुद्ध एक निनावी तक्रार गेली होती, की साहेब आपल्या लोकांना झुकतं माप देतात. ती खोटी निघाली, तरी बढतीची यादी अजून यायची होती. मालकीचं म्हणणं नंतर मांडा, आज दफन होऊ द्या, एवढा हुकूम मला देता आला असता. दुसरा कुठलाही न्यायाधीश असता तर त्यानं तो दिला असता, असं मला आजही वाटतं.

मी कागद खाली ठेवला. "हा दस्त उर्दूत आहे. कोर्टाला वाचता येत नाही. भाषांतर आणा."

बाई वकिलांच्या मागून पुढं आल्या. "साहेब, बर्फाची तिसरी लादी हाय सकाळपासून. विरघळायलीय."

"वकिलांमार्फत बोला," मी म्हणालो.

गुलमंडीच्या मागं भाषांतर करून देणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते नेमके परगावी गेले होते. तीन वाजता वकील पुन्हा आले. मी वर न बघता म्हणालो, "भाषांतर." चेंबरच्या खिडकीतून बाई दिसत होत्या. व्हरांड्यात उभ्या, पदर डोक्यावर, नजर घड्याळाकडं. साडेचारला त्या तिथं नव्हत्या. मास्तरांना शहरातल्याच छावणीच्या दफनभूमीत नेलं, बायकोपासून कित्येक मैल दूर.

कोर्ट उठताना मी क्लार्कला ती ओळ सांगितली. निकडीच्या अर्जावर तारीख का दिली, असं उद्या कुणी विचारलं तर उत्तर हवं होतं. त्याचं पेन थांबलं.

"अर्जदारातर्फे, साहेब?"

"हो. लिहा."

बाईंच्या वकिलांनी ती ओळ वाचली असणार. त्यांना रोज माझ्यापुढं उभं राहायचं होतं. ते गप्प राहिले आणि पुढं वारलेही. मला बढती मिळाली.

मी कविता करायचो. त्यातली एक चर्चमध्ये सगळ्यांना माहीत आहे. प्रभूला दोषी ठरवणाऱ्या न्यायसभेतच एक भला माणूस होता. त्यानं रोमी सुभेदाराकडं जाऊन प्रभूचा देह मागून घेतला आणि सूर्य मावळायच्या आत स्वतःसाठी खोदलेल्या कबरीत ठेवला. कविता त्याच्यावर आहे. ती मी त्या दिवसाच्या आधी लिहिली आणि त्यानंतरही दर उत्तम शुक्रवारी उभा राहून वाचत राहिलो.

यंदा वाचून बाहेर आलो तर एका बाईंनी माझा हात हातात घेतला. केस पिकले होते, तरी मी ओळखलं.

"लई चांगली कविता हाय, साहेब. आमच्या वकिलानं त्या दिवशी तारीख मागितली नसती ना, तर आमचे वडीलबी आईजवळ गेले असते."

"त्यांनी मागितली, असं कोण म्हणतं?"

"भावानं कोर्टातून रोजनाम्याची नक्कल काढली ना. तो पुण्याहून येईपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हणतो, गावाकडं हेलपाटे नकोत म्हणून तूच तारीख घ्यायला लावली, तुला घराजवळ पाहिजे होतं. सगळ्यांसमोर म्हणतो. मी काय दाखवू त्याला?"

मी हात सोडवून घेतला. पुढचे तीन आठवडे चर्चला गेलो नाही. बायकोला वाटलं, गुडघे दुखतात. मग पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो आणि उंबऱ्यातच सगळं सांगितलं.

"तुम्हाला वाचता येत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. चपला घातल्या. "चला. हे त्याच्यापुढं बोला."

भाऊ आता चितेगावला कंपनीत आहे. आम्ही रिक्षानं त्याच्या घरी गेलो. दारात बहिणीला बघून तो म्हणाला, "वकील आणलाय व्हय आता?"

"जज आणलाय," बाई म्हणाल्या.

मी उभ्यानं सांगितलं.  भाऊ जमिनीकडं बघत बोलला.

"हिच्या पोरीच्या लग्नाला मी गेलो नाय, साहेब. ते कोण भरून देणार?"

मी माफी मागायला लागलो.

"तोंडी नको," तो म्हणाला. "लिहून द्या. साऱ्या भावकीत मी हिला नावं ठेवलीत. आता मलाच वाचून दाखवायचंय."

"माफी-बिफी घालू नका त्यात," बाई म्हणाल्या. "नुसतं काय झालं ते लिहा."

म्हणून हे लिहिलं आहे. कोर्टातला तो रोजनामा आता बदलता येत नाही. तिथं त्या ओळीखाली माझी सही आहे, तशी इथंही करतो आहे.

आम्ही निघालो तेव्हा भाऊ तिच्याकडं न बघता म्हणाला, "ताई, जेवून जा." त्या थांबल्या. मी एकटाच रस्त्यावर आलो.