श्रीहरीच्या गुंडाळीतला रिकामा कप्पा

श्रीहरीचं कौतुक माझ्या तोंडून ऐकायला मिळणार नाही, आधीच सांगतो. पोलोग्राउंडच्या आमच्या गॅरेजात तो सहा वर्षांपूर्वी आला. मी तिथे बावीस वर्षं आहे. त्याचे वडील गिरणीत कारकून होते, दर बुधवारी तो आईला स्कूटरवरून खजरान्याच्या गणपतीला घेऊन जातो, आवाज कधी चढवत नाही. एवढंच. तरी माझ्या पोटात दुखतं ते याच माणसामुळे.

आमचे जुने गिऱ्हाईक शरदचंद्रजी साहेब, त्यांची सत्तर वर्षं जुनी विलायती गाडी आमच्याकडेच दुरुस्त होते. दर जानेवारीत जुन्या गाड्यांची फेरी महेश्वरला जाते आणि मागच्या सीटवर औजारांची पेटी घेऊन मी बसतो. त्या एका दिवसासाठी मी वर्षभर राबतो, हे खोटं नाही. यंदा त्यांच्या पत्नीही निघाल्या, म्हणून साहेब म्हणाले, "डिकीत इंदुमतीचं सामान राहील. औजारं सीटखाली मावतील तेवढीच घ्यायची. दोघं आपापली निवड दाखवा. ज्याची पटेल, तो सोबत येईल."

मी बावन्न औजारं काढली. जिवावर येऊन बारा कमी केली. पुढे एकही हातातून सुटेना, न जाणो कशाची गरज पडेल.

श्रीहरीची रीतच वेगळी. आठ दिवस त्याने गाडी सांवेर रोडवर पळवली, रोज काहीतरी खोलून परत बसवलं, आणि जे औजार वापरलं त्याच्या दांड्यावरच्या दोऱ्याला एक गाठ मारली. ज्याला गाठ नाही, ते घरी. शेवटी कॅनव्हासच्या गुंडाळीत अकराच उरली. सगळ्यांत जास्त गाठी, सात, एका आखूड पान्यावर होत्या. तो पाना माझा. कार्बोरेटरमागच्या नटापर्यंत बाजारचा पाना पोचत नाही, म्हणून मीच तो घासून बनवलेला. घासायचं मी आणि मिरवायचं यानं, आयत्या बिळावर नागोबा. निवडीच्या सकाळी मी तो गुपचूप काढून खिशात घातला.

साहेबांनी गुंडाळी उघडली. दहा कप्पे भरलेले, अकरावा रिकामा.

"इथे काय असतं?"

श्रीहरीने एकदा माझ्या खिशाकडे पाहिलं. मला तो भिया म्हणतो. "भियांचा पाना, साहेब. त्यांनी स्वतः बनवलाय. मतलब, वो नहीं तो गाडी घाट नाही चढणार. त्यांच्याजवळच आहे."

त्याला सगळं कळलं होतं. मला उघडं पाडायची संधी समोर होती आणि त्याने ती घेतली नाही. मला नेमकं तेच झोंबलं. मी पाना काढून कप्प्यात सरकवला. साहेबांनी माझ्या पेटीचं झाकणही उघडलं नाही.

फेरीला श्रीहरी गेला. परतल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने पाना पुसून माझ्या हातात ठेवला. मी दोरा मोजला. आठ गाठी.

"बंद पडली होती?"

"येताना, मानपूरच्या घाटात. दहा मिनिटं." तो हात पुसत म्हणाला, "साहेबांना बोललो मी, पुढच्या साली ज्याचा पाना त्यालाच न्या. हो म्हणाले ते."

मला आनंद व्हायला हवा होता. पण इतकी वर्षं जी सीट माझीच होती, ती आता मला श्रीहरीने दिली होती.